धरणीकंप, वर्तमानपत्र आणि शास्त्रज्ञ

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत जमीन हादरली. अकरा मिनिटांनी दुसरा, अधिक सौम्य धक्का बसला. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे आपल्या हदगाव तालुक्याच्या शेजारीच होते. पुढे १० जुलै रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा तेवढाच धक्का बसला. बातम्यांत ४.५ हा आकडा होता, जीवितहानी झाली नसल्याचे होते आणि लोकांनी घाबरून जाऊ नये असे आवाहन होते.

या बातमीत चुकीचे काही नव्हते. तरीही ती वाचून आपल्या भागातील शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या पदरात काय पडले? त्याच्या मनात साधारणपणे तीन प्रश्न असतात. साडेचार म्हणजे पुष्कळ की थोडे? पुन्हा येईल काय, आणि केव्हा? आणि माझे घर टिकेल काय? यांपैकी मधल्या प्रश्नाला आजच्या शास्त्राजवळ उत्तर नाही. भूकंपाची तिथी-वार सांगण्याची विद्या जगात कोणालाही साधलेली नाही. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला मात्र चांगले, खात्रीचे उत्तर आहे. दुर्दैव असे, की पारावर आणि चहाच्या टपरीवर चर्चा होते ती मधल्याच प्रश्नाची. आणि जे सांगता येण्यासारखे आहे ते सांगणारा माणूस नेमका त्या वेळी तेथे नसतो. असा माणूस म्हणजे कोण, त्याचे काम कोणते, आणि आपल्या मराठीत व मराठवाड्यात असे कोणी झाले काय, याचा थोडा शोध या लेखात घ्यावयाचा आहे.

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाहू, म्हणजे या कामाचे स्वरूप ध्यानात येईल. भूकंपाचे माप हे वजनाच्या किंवा उंचीच्या मापासारखे नसते. मापाचा आकडा एकने वाढला की जमिनीचा हेलकावा दहापट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ मापाचा होता आणि हिंगोलीचा ४.५. फरक दिसतो पावणेदोनपेक्षाही कमी. प्रत्यक्षात हिंगोलीसारखे सुमारे साडेतीनशे भूकंप एकत्र करावेत तेव्हा किल्लारीइतकी ऊर्जा भरते. म्हणजे साडेचार हे थोडे होय. पण ही गोष्ट येथे संपत नाही. आपली वर्तमानपत्रे या आकड्याला सर्रास 'तीव्रता' म्हणतात आणि तेथेच वाचकाची फसगत होते. माप हे एका भूकंपाला एकच असते; तीव्रता गावागणिक, किंबहुना घरागणिक वेगळी असते. पारावर हलगी वाजते ती एकच, परंतु पाराशेजारच्या घरात कानठळ्या बसतात आणि शिवारात नुसता ठेका ऐकू येतो. हलगीवर पडलेला टिपरीचा जोर म्हणजे माप, आणि ज्याच्या त्याच्या कानाला आला तो आवाज म्हणजे तीव्रता. एवढे एक वाक्य बातमीत असते तर अर्ध्या अफवा आपोआप खाली बसल्या असत्या, असे मला वाटते.

हे काम मराठीत नवे नाही. मराठी वृत्तपत्राचा आरंभ ज्यांच्या हातून झाला ते बाळशास्त्री जांभेकर स्वतः गणित आणि ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' काढले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस वर्षांचे होते. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकवीत असत, कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले आणि १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. त्यात भूगोल, सृष्टिविज्ञान असे विषय मराठीत येऊ लागले. आज पत्रकार म्हटला की तो राजकारणाचा, आणि शास्त्रज्ञ म्हटला की तो प्रयोगशाळेचा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. आपला पहिला संपादक ती वाटणी मानीत नव्हता. आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो. त्या दिवशी जांभेकरांच्या वेधशाळेची आठवण कोणी काढलेली मात्र माझ्या ऐकिवात नाही.

पुढे १९२८ साली प्रा. गो. रा. परांजपे यांच्या संपादकत्वाखाली 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिची पत्रिकाही सुरू झाली. डॉ. बाळ फोंडके हे भाभा अणुसंशोधन केंद्रातील जीवशास्त्रज्ञ. ते प्रयोगशाळा सोडून 'सायन्स टुडे' या इंग्रजी मासिकाचे संपादक झाले आणि मराठीतही त्यांनी विपुल लेखन केले. शास्त्रज्ञाचा पत्रकार झाल्याचे इतके सरळ उदाहरण दुसरे सहसा सापडणार नाही. परंतु या सर्व प्रयत्नांची दिशा मुख्यतः एकच होती. ज्ञान वरून खाली यावयाचे: शास्त्रज्ञाने समजावून द्यावयाचे आणि वाचकाने ते घ्यावयाचे. पर्यावरणाचा विषय पुढे आला तेव्हा ही दिशा पुरेनाशी झाली, कारण जंगल, नदी, जमीन यांविषयी वाचकालाही काही ठाऊक असते, आणि पुष्कळदा शास्त्रज्ञापेक्षा अधिक ठाऊक असते.

हे ज्यांनी सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते डॉ. माधव गाडगीळ. जन्म १९४२, पुण्याचा. वडील धनंजयराव गाडगीळ हे नामवंत अर्थशास्त्रज्ञ. हार्वर्ड विद्यापीठात गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते १९७१ साली परत आले. तेथेच राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. परत येऊन त्यांनी पहिला विषय कोणता घ्यावा? देवराया! डॉ. वर्तक यांच्याबरोबर ते सह्याद्रीतील गावोगावच्या देवराया पाहत हिंडले. श्रीवर्धन तालुक्यातील एका गावाने आपली राई तोडीपासून वाचवण्यासाठी मदत मागितली होती. राई कशासाठी हवी, असे विचारल्यावर देवाच्या कोपाची गोष्ट सांगितली जाईल अशी आपली अपेक्षा असते. गावकऱ्यांनी पाण्याची गोष्ट सांगितली: गावाचा बारमाही ओढा त्या राईतून उगम पावतो. श्रद्धेच्या पोटात एक निरीक्षण दडलेले होते. ते शास्त्राच्या भाषेत मांडणे एवढेच शास्त्रज्ञाचे काम उरले.

दुसरा प्रसंग बांबूचा आहे आणि तो मला अधिक बोलका वाटतो. कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारी जंगलातील बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळत असे. बुरूड आणि शेतकरी यांना बाजारात तोच बांबू कितीतरी पटींनी महाग पडे. काही वर्षांत बांबूची बेटे झपाट्याने संपू लागली. दोष गावकऱ्यांचा, त्यांच्या गुरांचा, असे सांगितले जात होते. गाडगीळांनी १९७० च्या दशकात याचा प्रत्यक्ष रानात अभ्यास केला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. ते काढले की बेट मोकळे होते, वाढ चांगली होते, असा वनखात्याचा समज होता आणि त्याप्रमाणे साफसफाई केली जाई. गावकरी म्हणत, साफसफाई करू नका, कोवळा कोंब त्या काट्यांमुळेच जगतो. काटे गेले की गुरे आणि रानातील जनावरे कोंब खाऊन टाकतात. मोजदाद केली तेव्हा गावकऱ्यांचे खरे निघाले. पुस्तकातील शास्त्र चुकले होते आणि अडाणी म्हणून गणलेला माणूस बरोबर होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गावकरी नेहमीच बरोबर असतात असे गाडगीळांनी म्हटलेले नाही. तसे म्हणणे म्हणजे एक अंधश्रद्धा सोडून दुसरी धरण्यासारखे होईल. गावकऱ्याचे म्हणणे तपासून पाहण्याच्या लायकीचे असते, एवढाच त्याचा अर्थ. पण हे 'एवढेच' फार मोठे आहे. आपल्या महाविद्यालयात भूगोलाचा किंवा समाजशास्त्राचा क्षेत्र-अभ्यास होतो तेव्हा आपण प्रश्नावली घेऊन जातो, चौकटीत खुणा करतो आणि परत येतो. 'तुम्हाला काय दिसते?' हा प्रश्न त्या प्रश्नावलीत बहुधा नसतो.

गाडगीळ नोकरीने पत्रकार कधीच नव्हते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांची कारकीर्द झाली. पण इंग्रजी शोधनिबंधांबरोबर ते मराठी वर्तमानपत्रांत आणि नियतकालिकांत सातत्याने लिहीत राहिले, आणि २०२३ साली त्यांचे आत्मकथन 'सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी' मराठीतही आले. त्यांच्या लेखणीची खरी कसोटी लागली ती पश्चिम घाटाच्या अहवालाच्या वेळी. केंद्र सरकारने २०१० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. तो लोकांपुढे आला मे २०१२ मध्ये, आणि तोही माहितीच्या अधिकाराखाली झगडल्यानंतर. गाडगीळांचा आग्रह असा होता, की अहवालाची प्रादेशिक भाषांत भाषांतरे व्हावीत, तो ग्रामसभांपुढे ठेवावा आणि त्यांचे म्हणणे घेऊन मग निर्णय व्हावा. अहवाल इंग्रजीत आणि कपाटात असताना त्याच्याविषयी जे काही बोलले गेले ते बहुतेक न वाचताच बोलले गेले. शेती बंद होणार, घरे उठणार, अशी भीती पसरली. ज्याच्याजवळ मजकूर नसतो त्याच्याजवळ अफवा असते. २०१८ साली केरळात महापूर आला तेव्हा तोच अहवाल सर्वत्र चर्चेचा विषय झाला. पण तोपर्यंत सात वर्षे निघून गेली होती.

सह्याद्री आपल्यापासून दूर आहे. आपल्याकडे शास्त्र आणि समाज यांमधील अंतर किती महाग पडते याचा पुरावा किल्लारीचा आहे, आणि तो केवळ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपुरता नाही. किल्लारीच्या परिसरात त्याआधी वर्षभर, १९९२ पासूनच धक्के जाणवत होते. ऑक्टोबर १९९२ मधील धक्क्याने घरांना तडेही गेले होते. भयाने लोक काही काळ बाहेर झोपले आणि मग, माणूस करतो तसे, सवय होऊन घरात परतले. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून दमलेले लोक निजले आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या जवळ आहे. इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

त्या वर्षभरात लोकांना काय सांगता आले असते? भूकंप केव्हा येईल हे नाही. त्या काळच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे असेच सर्व मानीत होते. पण घर कसे मारते हे निश्चित सांगता आले असते. आपल्याकडील माळवदाची रचना पाहा. दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, आत मातीचा गिलावा, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरीची माती. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, म्हणूनच ते टिकून राहिले. परंतु पावसाळ्यापूर्वी दरवर्षी नवी माती टाकावयाची आणि जुनी काढावयाची नाही, असा रिवाज. एक फूट मातीचा थर धरला तर दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर सुमारे साडेपाच टन वजन होते. टनात सांगितले तर ते कोणाच्या मनात शिरत नाही. ज्वारीची क्विंटलभराची पंचावन्न पोती आपण निजतो त्या डोक्यावर रचून ठेवली आहेत असे सांगितले तर शिरते. कित्येक घरांवर हा थर दोन फुटांचा होता. मग पोती एकशे दहा!

भिंतीची गोष्ट याहून महत्त्वाची. रुंद भिंत दिसते एक, पण ती असते दोन: एक बाहेरच्या दर्शनी दगडांची, एक आतल्या दगडांची, आणि मधे खडी व माती भरलेली. दोन्ही अंगांना जोडणारा आरपार लांब दगड मधूनमधून बसवलेला नसेल तर हादऱ्यात या दोन भिंती एकमेकींपासून सुटतात, पोट फुगते आणि दगड ढासळतात. याउलट, जेथे छताचा भार भिंतीवर नव्हता, लाकडी खांबांच्या मजबूत सांगाड्यावर होता, तेथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे किल्लारीच्या परिसरात दिसली. म्हणजे मारले ते दगडाने नव्हे. न बांधलेल्या दगडाने मारले.

हा भेद लोकांपर्यंत पोचला नाही. दगड मारतो आणि सिमेंट वाचवते, असा धडा लोकांनी घेतला. तो घेतल्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. दगडाखालून माणसे काढलेल्या हातांना दगड नको वाटणारच. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, ५२ गावे नव्या जागी वसली, भूमिहीनांना २५० चौरस फूट आणि जमिनीच्या प्रमाणात इतरांना ४०० व ७५० चौरस फूट अशी घरे मिळाली. गल्ल्या सरळ झाल्या, पण वाडा, अंगण, कडबा आणि गुरे यांना त्या आराखड्यात जागा शोधावी लागली. आणि केवळ सिमेंट वाचवीत नाही हे २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाने दाखवून दिले. केंद्रापासून कितीतरी लांब असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्या बहुमजली इमारती कोसळल्या.

हा सर्व इतिहास मराठीत मांडणारे लेखक म्हणजे लातूरचे अतुल देऊळगावकर. येथे प्रवास उलट दिशेचा आहे: प्रयोगशाळेकडून वर्तमानपत्राकडे नव्हे, तर लातूरच्या मातीतून शास्त्राकडे. 'डळमळले भूमंडळ' या पुस्तकात त्यांनी भूकंप आणि त्यानंतरचे पुनर्वसन यांचा विचार केला. पुढे ते ज्या विषयांकडे गेले ते पाहिले म्हणजे सूत्र लक्षात येते. स्थानिक सामग्रीतून स्वस्त आणि सुंदर घरे बांधणारे केरळचे वास्तुशिल्पी लॉरी बेकर, शेतीशास्त्रज्ञ स्वामिनाथन, आणि अलीकडे हवामान बदलाच्या प्रश्नावर 'विश्वाचे आर्त' व 'ग्रेटाची हाक' ही पुस्तके. पडलेल्या घरापासून निघालेला माणूस तापलेल्या पृथ्वीपर्यंत पोचला. पुण्या-मुंबईत राहूनच असे लेखन होते, असा जो समज आपल्याकडे आहे तो यामुळे खोटा ठरतो.

या कामात एक मोठी अडचण आहे आणि ती भाषेची नव्हे, स्वभावाची आहे. शास्त्रज्ञ 'बहुधा', 'शक्यता आहे', 'पुरावा अपुरा आहे' असे बोलतो. बातमीला हो किंवा नाही हवे असते. किल्लारीनंतर प्रश्न निघाला, की निम्न तेरणा धरणाच्या पाण्यामुळे हा भूकंप झाला काय? कोयनेला १९६७ साली धरणाच्या जलाशयाशी निगडित भूकंप झालेला असल्यामुळे प्रश्न रास्तच होता. शास्त्रज्ञांत त्यावर मतभेद झाले. काही वाचकांनी त्याचा अर्थ असा घेतला की यांना काहीच कळत नाही. काहींनी असा घेतला की काहीतरी लपवले जात आहे. मतभेद हा शास्त्राचा आजार नसून श्वासोच्छ्वास आहे, हे वाचकाला कंटाळा न आणता सांगणे फार कठीण. दोन्हीकडची भाषा जाणणारा माणूस हवा तो यासाठी. केवळ भाषांतरकाराने भागत नाही.

२००२ च्या सुधारित नकाशात लातूर भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. नांदेड आणि हिंगोली दुसऱ्या पट्ट्यात राहिले. 'दुसरा' ऐकून कोणाला वाटेल की पहिल्यापेक्षा धोका जास्त. कोणाला वाटेल की आपण शेवटून बरे. वस्तुतः त्या नकाशात पहिला पट्टा उरलाच नाही, तो दुसऱ्यात मिसळला. म्हणजे धोका अगदी नाही असा एकही कोपरा देशात नाही, असे तो नकाशा सांगतो.

मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने एक साधी सूचना केली होती: पत्र्याच्या छतावर वाऱ्यासाठी आधार म्हणून ठेवलेले दगड खाली काढून घ्या. माझ्या मते त्या दिवसांतील सर्वांत उत्तम शास्त्रीय मजकूर तोच होता. त्यात आकडा नव्हता, पण संध्याकाळपर्यंत करता येण्यासारखे काम होते. अशा आणखी सूचना देता येतील. आपल्या भागात जुन्या माती-दगडाच्या भिंतींवरच नवा स्लॅब टाकलेली घरे दिसतात. पाच इंची स्लॅब त्याच दहा बाय बाराच्या खोलीवर सुमारे पस्तीस क्विंटल भरतो. मातीपेक्षा हलका खरा, पण खाली भिंत तीच, दोन अंगांची आणि न बांधलेली. माळवद असेल तर वरची जुनी माती उतरवून थर अर्ध्या फुटाच्या आत आणता येतो. भिंत नवी बांधावयाची असेल तर गवंड्याला सांगून दर दोन फूट उंचीला आणि आडवे दर चार फुटांवर भिंतीच्या रुंदीइतका आरपार दगड बसवून घ्यावा. भिंत जुनी असेल तर पाडण्याची गरज नाही. तेवढ्याच अंतरावर हलक्या हाताने एकेक दगड काढून आरपार भोक पाडावयाचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवावयाची आणि भोक काँक्रीटने भरून टाकावयाचे. भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात घरांच्या मजबुतीकरणासाठी हीच पद्धत वापरली गेली. काँक्रीट वाळेपर्यंत दहा-पंधरा दिवस त्यावर पाणी मारत राहावे लागते.